बरणीत मुरलं म्हणजे विषाणू मेला का?



मागच्या महिन्यात खाडीकाठच्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. हजेरी झाली, बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले. चहा येईपर्यंत एका काकूंनी मोबाईल पुढे केला. त्यांच्या मुलाने मुंबईहून एक व्हिडिओ पाठवला होता. कोरिया देशातल्या बायका ताज्या कालवांचं मांस मीठ, लाल तिखट आणि लसणीत कालवून सरळ बरणीत भरत होत्या. शिजवणं नाही, तळणं नाही. काही दिवस मुरलं की झालं तयार, आणि तिकडे ते चांगल्या भावाने विकलं जातं.

काकू म्हणाल्या, "मॅडम, कालवां आपली, मीठ आपला, मिरची आपली. तेंका नुसता आंबवून चालता, मग आमी कित्याक गॅस जाळतव?"

मी म्हटलं, थांबा, कच्चं नको. तर काकूंनी मलाच धरलं. "गेल्या वर्षी ट्रेनिंगात तुम्हीच सांगितलंत ना, मीठ आणि व्हिनेगर बरोबर असलं की जंतूंची भीती नाही?"

सांगितलं होतं. वहीत माझ्याच हस्ताक्षरात होतं. ते वाक्य अर्धंच खरं आहे, आणि अर्धं खरं असलेलं वाक्य खाण्याच्या धंद्यात महागात पडतं. मी समाजकार्य शिकलेली, जंतूंचं शास्त्र शिकलेली नाही. त्यामुळे त्या दिवशी "विचारून सांगते" म्हणाले, फिशरीज शिकलेल्या एका मैत्रिणीला गाठलं, बरंच वाचलं. त्यातून जे कळलं ते सगळ्या गटांसाठी इथे लिहिते आहे. कालवं, तिसऱ्या, शिनाणे, कोळंबी यांचं लोणचं करणाऱ्या किंवा करायचा विचार असणाऱ्या तायांनी जरा सावकाश वाचा.

वाढणारे आणि पडून राहणारे

आपण "जंतू" म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो. एक जीवाणू आणि दुसरा विषाणू.

जीवाणू स्वतः जिवंत असतो, खातो, वाढतो. इडलीचं पीठ रात्री भिजवून ठेवलं की सकाळी फुगतं, आंबट होतं, ते जीवाणूंचं काम. दही लागतं तेही त्यांचंच. हे चांगले जीवाणू आंबटपणा तयार करतात आणि त्या आंबटपणात बरेचसे वाईट जीवाणू वाढू शकत नाहीत. जोडीला मीठ असलं तर अजूनच नाही. म्हणून आंबवणं आणि खारवणं ही जुनी, कामाची पद्धत आहे. जीवाणूंच्या बाबतीत गेल्या वर्षी मी सांगितलं ते बऱ्याच अंशी बरोबरच होतं.

विषाणूचं तसं नाही. तो अन्नात वाढतच नाही. लोणच्यात नाही, माशात नाही, फ्रीजबाहेर ठेवलेल्या कालवणातही नाही. त्याला वाढायला जिवंत पेशी लागते, आणि आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय त्या विषाणूंना माणसाचं आतडं किंवा यकृत लागतं. तोवर तो नुसता पडून राहतो, कोठीतल्या बियाण्यासारखा. शेतात मीठ टाकलं तर काही उगवणार नाही. पण कोठीतलं बी त्याने मरतं का? ते वाट बघत राहतं. बरणीत मीठ-आंबट घालून आपण जीवाणूंचं शेत नापीक करतो. विषाणूला त्या शेतात उगवायचंच नसतं. त्याला उगवायचं असतं गिऱ्हाइकाच्या पोटात.

समुद्राच्या खाण्यातून येणारे दोन विषाणू मुख्य आहेत. एक नोरोव्हायरस. याने १२ ते ४८ तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, बहुतेकांना एक ते तीन दिवसांत बरं वाटतं, पण लहान मुलं आणि म्हातारी माणसं पाणी कमी होऊन खचतात. दुसरा हिपॅटायटिस ए, म्हणजे कावीळ करणारा. तिसरा हिपॅटायटिस ई. हाही काविळीचाच, आपल्याकडे मुख्यतः दूषित पाण्यातून पसरतो, पण शिंपल्यांतही सापडलेला आहे. गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हा जिवावर बेतू शकतो. हे शेवटचं वाक्य घरी सुनेला, मुलीला वाचून दाखवा.

आंबटाला का घाबरत नाही

कोरोनाच्या वेळी आपण साबणाचं, सॅनिटायझरचं किती ऐकलं. कोरोनाच्या विषाणूवर चरबीचं पातळ आवरण असतं, ते साबणाने किंवा स्पिरिटने फाटतं आणि विषाणू निकामी होतो. नोरो आणि कावीळ ए हे पोटाच्या वाटेने पसरतात, त्यांना तसं मऊ आवरण घेऊन फिरणं परवडणारं नाही. त्यांच्यावर प्रथिनांचं टणक कवच असतं. म्हणून हाताला नुसतं सॅनिटायझर चोळून यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. इथे साबण चालतो तो विषाणूला मारतो म्हणून नाही, तर चोळून आणि पाण्याने हातावरून वाहून नेतो म्हणून.

आता आंबटपणाचं. आंबटपणा पीएच नावाच्या आकड्यात मोजतात. आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट. साधं पाणी ७ च्या आसपास. आपलं मुरलेलं लोणचं साधारण ४ च्या आसपास. आणि उपाशी पोटी आपल्या जठरातलं आम्ल १ ते २. म्हणजे लोणच्यापेक्षा जठर कितीतरी जास्त आंबट. जो विषाणू जठरातून सुखरूप पुढे आतड्यात जाऊन आजार करतो, तो आपल्या बरणीतल्या व्हिनेगरला काय दाद देणार? मला हे वाचल्यावर पहिल्यांदा नीट पटलं. नाहीतर "मीठ-आंबटात जंतू मरतात" हे आजीपासून ऐकलेलं डोक्यातून जात नव्हतं.

खारवणं, वाळवणं, गोठवणं यांचंही तेच. कावीळ एचा विषाणू वाळल्यावरही बराच काळ टिकतो. आणि बर्फात तर तो जपूनच राहतो. आपल्यापैकी पुष्कळजणी तिसऱ्या फ्रीजरमध्ये ठेवतात, सोप्या उघडतात म्हणून. मीही ठेवते. चांगली युक्ती आहे. पण त्याने तिसऱ्या उघडतात एवढंच, विषाणू मरत नाही.

मग आंबवण्याने काहीच होत नाही का? होतं. कोरियातल्या संशोधकांनी कालवांच्या अशाच आंबवलेल्या पदार्थात विषाणू मुद्दाम मिसळून, दिवसागणिक मोजून पाहिलं. विषाणू कमी झाले. पण संपले नाहीत. यात एक गंमत आहे. माणसाचा नोरोव्हायरस प्रयोगशाळेत वाढवायला २०१६ सालापर्यंत जमतच नव्हता. म्हणून असे प्रयोग त्याच्या भावकीतल्या मांजराच्या आणि उंदराच्या विषाणूंवर केले जातात. मांजराचा विषाणू आंबटात लवकर हार मानतो, उंदराचा चिवट आहे. त्यामुळे कोणी सांगितलं की "आंबवल्यावर विषाणू मेल्याचं सिद्ध झालंय", तर आधी विचारायचं, कोणता विषाणू?

"कमी झाले" यावर समाधान का मानायचं नाही, त्याचा हिशेब आपल्या वहीसारखाच साधा आहे. समजा एका वाटीभर कालवांत १,००,००० विषाणू आहेत. मुरून ९९ टक्के मेले. ऐकायला छान वाटतं. उरले १,०००. आणि नोरोव्हायरसचे शंभराहूनही कमी कण पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो. बरणी गरम जागी जास्त दिवस राहिली तर विषाणू अजून घटतात, फ्रीजमध्ये घट मंद होते. पण मिठाचं प्रमाण, आंबटपणा, तापमान प्रत्येक बरणीचं वेगळं, त्यामुळे "इतके दिवस मुरवलं की सुरक्षित" असा एक आकडा सगळ्यांना लागू होत नाही. आणि विषाणू घटावा म्हणून फ्रीजमधली बरणी बाहेर काढायची असाही अर्थ कोणी काढू नका, तिथे मग जीवाणूंची पाळी येते.

ज्या देशाचा व्हिडिओ, त्याच देशाची गोष्ट

काकूंच्या व्हिडिओत जो देश होता, तिथेच २०१९ साली काय झालं ते ऐका. दक्षिण कोरियात त्या वर्षी हिपॅटायटिस ए काविळीचे १७ हजारांहून जास्त रुग्ण झाले. कारण सापडेना. शेवटी तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेने शोध लावला की मुख्य कारण होतं शिंपल्यांचं खारवलेलं, मुरवलेलं मांस. तिकडे जेवणाबरोबर तोंडी लावायला ते लोणच्यासारखं देतात, न शिजवता. तपासलेल्या १८ नमुन्यांपैकी ११ मध्ये काविळीच्या विषाणूचा अंश मिळाला. सप्टेंबरमध्ये सरकारने सांगितलं, तपासणी होईपर्यंत हे खाऊ नका. लोकांनी खाणं थांबवलं आणि रुग्ण झपाट्याने कमी झाले.

ही काही नवशिक्यांची चूक नव्हती. शेकडो वर्षं आंबवण्याची कला जपलेला देश आहे तो. त्यांची मीठ घालण्याची पद्धत चुकली नव्हती. शिंपल्यांत विषाणू आधीच होता, आणि मिठाने तो गेला नाही.

शोध लागायला एवढा उशीर का झाला? कारण ही कावीळ खाल्ल्यावर १५ ते ५० दिवसांनी दिसते, साधारण महिन्याने. महिन्यापूर्वी जेवताना बाजूला काय तोंडी लावलं होतं, कोणाला आठवतं? आपल्या बाबतीत विचार करा. सरसच्या स्टॉलवर मुंबईतल्या दोनशे माणसांनी आपली बरणी नेली. महिन्याने त्यातल्या दहा जणांना कावीळ झाली. त्यांना आपलं नाव आठवणार नाही, आणि आपल्याला कळणारही नाही. तक्रार आली नाही म्हणजे माल चांगला, हा हिशेब इथे चालत नाही.

त्याच्याही आधी, १९८८ साली चीनमधल्या शांघाय शहरात अवघ्या दोन-तीन महिन्यांत सुमारे तीन लाख लोकांना हीच कावीळ झाली होती. कारण शिंपलेच. तिथले लोक ते उकळत्या पाण्यात जेमतेम बुडवून, शिंपली उघडली की खात. पाणी उकळतं होतं, पण आतलं मांस अर्धं कच्चंच राहिलं. ही गोष्ट आपल्याला जास्त जवळची आहे. कारण "शिंपली उघडली की शिजली" हे आपणही म्हणतो.

विषाणू कालवात येतो कुठून

माशांना हा आजार होत नाही. हे माणसाचे विषाणू आहेत आणि माणसाच्या शौचातूनच पाण्यात जातात. गटार, भरलेली शौचटाकी, ओढ्याचं पाणी, सगळं शेवटी खाडीत. पहिला मोठा पाऊस झाला की तर गावभरचं वाहून येतं.

मासा पाण्यातून पोहतो, आपण त्याचं पोट काढून टाकतो. कालव, तिसरी, शिनाणं मात्र एका जागी बसून दिवसभर पाणी गाळतं. बादल्या बादल्या पाणी त्याच्या अंगातून जातं, त्यातलं खाद्य ते ठेवून घेतं, आणि खाद्याबरोबर विषाणूही साठतो. शिवाय आपण ते पोटासकट खातो. त्यामुळे खाडीचं पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी कालवात विषाणू पाण्यापेक्षा कितीतरी जास्त साठलेला असू शकतो.

रात्रभर पाण्यात ठेवून रेती काढतो ना आपण, त्याने विषाणू निघत नाही का, असं एका ताईने विचारलं. चांगला प्रश्न होता. रेती निघते. मोठ्या उद्योगांत स्वच्छ पाण्याच्या टाक्यांत शिंपले ठेवतात, त्यात जीवाणूही बरेचसे निघून जातात. पण नोरोव्हायरस कालवाच्या आतड्याला चिकटून बसतो. तो असा धुऊन निघत नाही.

सिंधुदुर्गात खाडीत कालवं आणि शिनाणे वाढवणारे महिलांचे गट आहेत, आपल्यातल्याही काहीजणी त्यात आहेत. त्यांना घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. पण रॅक कुठे लावायचा हे ठरवताना, वस्तीचा ओढा कुठे मिळतो, वरच्या अंगाला कोणाची शौचटाकी खाडीत सुटते का, हे बघाच. आणि सुटत असेल तर तो विषय ग्रामसभेत काढायचा, गटाच्या नावाने, लेखी.

कोळंबी आणि मासळीत विषाणू येतो तो बहुतेक हातांमधून, धुण्याच्या पाण्यातून, बर्फातून. म्हणजे तिथे आपण स्वतःच वाट बंद करू शकतो.

कढईचं काम बरणीला सांगू नका

आता आपल्या लोणच्याकडे येऊ. आपल्या कोळंबीच्या लोणच्याची कृती आठवा. कोळंबी साफ करायची, मीठ-हळद लावायची, तेलात तळायची, मग मसाला, मग व्हिनेगर किंवा लिंबू. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने मासळीच्या लोणच्याची जी पद्धत शिकवली, त्यातही मासे आधी तळूनच घेतात. आपण समजत होतो की माल टिकतो तो व्हिनेगरने, आणि तळणं चवीसाठी. खरं तर कामाची वाटणी आहे. व्हिनेगर आणि मीठ जीवाणूंना वाढू देत नाही. विषाणूला मारते ती कढई. काकूंनी विचारलेला गॅस उगाच जळत नव्हता, तो इथे जळत होता.

आपल्याच देशात मणिपूरची ङारी, मेघालयातला तुंगतप, आसाम-त्रिपुराचा शिदल असे मासे आंबवण्याचे किती प्रकार आहेत. पण ते छोट्या माशांचे असतात आणि पुष्कळदा भाजून किंवा शिजवूनच जेवणात घेतात. "आंबवलेलं" म्हणजे "कच्चं खायचं" असं नाही.

आगीचं माप किती? जगभर मान्य असलेलं माप असं, की मांसाच्या आत, अगदी मधोमध, ९० अंश सेल्सिअस तापमान ९० सेकंद राहिलं पाहिजे. कढईतल्या तेलाचं नाही, भांड्यातल्या पाण्याचं नाही, कालवाच्या पोटातलं. इथेच चूक होते. शिंपली उघडते ती याच्या बरीच आधी. म्हणून तिसऱ्या-शिनाणे उकळताना शिंपल्या उघडल्यावर गॅस बंद न करता अजून तीन ते पाच मिनिटं पाणी खळखळत ठेवायचं. ज्या उघडल्याच नाहीत त्या टाकायच्या. सोललेली कालवं असतील तर पाणी पुन्हा उकळायला लागल्यापासून निदान तीन मिनिटं मोजायची, मोठी असतील तर अजून. एकदम पाच किलो माल ओतला की पाणी थंड पडतं आणि आपण घड्याळ मात्र आधीच सुरू केलेलं असतं. थोडं थोडं घ्या. तळताना मोठ्या आचेवर बाहेरून लाल आणि आत कच्चं, असं होतं. म्हणून मी गटाला सुचवलं, आधी उकळा, पाणी निथळू द्या, मग तळा. कालवं थोडी आकसतात, वजन घटतं, हे मान्य. ते घटलेलं वजन किमतीत धरा.

शिजवल्यानंतरची चूक मला जास्त काळजीची वाटते, कारण ती दिसत नाही. कालवं ज्या विळीवर फोडली, तिच्याच शेजारी तळलेली पसरली. ज्या परातीत कच्चं होतं, तीच विसळून शिजलेल्याला घेतली. आणि मग हाताने मसाला चोळला. एकदा विषाणू शिजलेल्या मालावर आला की पुढे त्याला मारणारं काही नाही, व्हिनेगर तर नाहीच. कच्च्याची विळी, परात, फडकं वेगळं. शक्य असेल तर कच्चं काम पडवीत आणि शिजलेलं आत. मसाला कालवायला लांब दांड्याचा पळा. ओटा आणि परात आधी साबणाने धुऊन, मग ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण मिळतं ते १ लिटर पाण्यात २० मिली टाकून पुसायचं, दहा मिनिटं राहू द्यायचं आणि स्वच्छ पाण्याने धुऊन टाकायचं. मोजूनच घ्या, वास येईल इतकं ओतू नका, आणि दुसऱ्या कुठल्या फिनाईल-ॲसिडात मिसळू नका.

आजारी ताईची रोजंदारी

हे लिहायला जरा अवघड जातंय, पण लिहायलाच हवं. मागे एका गटात माल भरायचा होता, ऑर्डर मोठी होती, आणि एका ताईला आदल्या रात्रीपासून जुलाब होत होते. ती तरी आली. मी तिथे होते. तिचा उतरलेला चेहरा मला दिसला होता, पण माणसं कमी होती म्हणून मी गप्प बसले. ती का आली ते सगळ्यांना माहीत आहे. न आलं तर दिवसाचे पैसे नाहीत. सुदैवाने तेव्हा काही झालं नाही, निदान आपल्याला कळलं तरी नाही.

नोरोव्हायरस झालेल्या माणसाच्या शौचातून बरं वाटल्यावरही काही दिवस विषाणू बाहेर पडत असतो. म्हणून जुलाब-उलट्या थांबल्यापासून पूर्ण ४८ तास खाण्याच्या कामाला हात लावायचा नाही. काविळीत तर डोळे पिवळे दिसायच्या दोन आठवडे आधीपासूनच विषाणू पसरत असतो, आणि पिवळेपणा दिसल्यापासून निदान सात दिवस तरी कामापासून दूर राहावं लागतं. घरात कोणाला कावीळ असेल तरी गटाला सांगावं.

पण तायांनो, "आजारी असाल तर येऊ नका" असा नुसता नियम भिंतीवर लावला तर कोणी सांगणार नाही, सगळ्या लपवतील. माझं मत असं की गटाने त्या दिवसांची रोजंदारी द्यावी. नफ्यातून थोडी रक्कम यासाठी बाजूला काढून ठेवा. यावर ग्रामसंघात वाद होईल, मला माहीत आहे. "मग सगळ्याच आजारी पडतील" असंही कोणी म्हणेल. दोन दिवसांची मजुरी आणि गेलेलं नाव, यातलं काय महाग ते गटाने ठरवावं.

आणि कोणाला लघवी गडद पिवळी, भूक मेलेली, डोळे पिवळे असं दिसलं तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. कावीळ उतरवायला जाणारे आहेत, मी त्यावर वाद घालत नाही, पण रक्ताची तपासणी झाल्यावर. गरोदर बाई असेल तर एक दिवसही थांबू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात.

काकूंच्या गटाने काय ठरवलं

हे सगळं मी पुढच्या बैठकीत सांगितलं. आधी माझी गेल्या वर्षीची चूक वहीत दुरुस्त केली, त्यांच्यासमोर. काकू थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, मसाला त्या व्हिडिओसारखाच घालू, लसूण जास्त, फक्त कालवं उकळून नि तळून घेऊ. पहिली खेप दोन किलोचीच करायची ठरली आहे, घरी खायला आणि चव बघायला. विकायला काढायच्या आधी अन्न सुरक्षेच्या नोंदणीत हा नवीन पदार्थ बसतो का ते मी विचारून देणार आहे. लेबलवर "आंबवलेलं, जंतूमुक्त" असं काही छापायचं नाही, हे ठरलं. प्रत्येक बरणीवर खेपेचा क्रमांक टाकायचा, आणि रजिस्टरमध्ये त्या क्रमांकापुढे कालवं कुठून आणली, कोणी शिजवली, किती मिनिटं, आणि किती बरण्या कुठे गेल्या, हे लिहायचं. महिन्याने कोणी विचारलं तर उत्तर असलं पाहिजे.

मांसात टोचून तापमान बघायचे दोन थर्मामीटर महासंघाच्या कार्यालयात आणले आहेत. ज्या गटाची खेप असेल त्यांनी आदल्या दिवशी फोन करून घेऊन जायचे, रजिस्टरवर सही करायची. सगळ्यात मोठ्या तुकड्याच्या मधोमध टोचायचं, दर वेळी टोचण्याआधी आणि नंतर टोक साबणाने धुवायचं. परत करताना पुसून, डबीत घालून द्या, मागच्या वेळी एक तसंच मसाल्यासकट आलं होतं.